मलाही हेच झालं होतं

मोरेश्वर गुप्ते यांना कॅन्सर नेमका कशाचा झाला होता, यावर आमच्या पेशंटांच्या शनिवारच्या मंडळात बरेच दिवस एकमत नव्हतं. रफीकभाई पैजेवर सांगायचे, घशाचा. भावनाबेन म्हणायच्या, आतड्याचा, त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. आणि मला त्यांनी जो सांगितला तो ऐकून मी हातातला चहाचा कप खाली ठेवला होता. कारण तो स्तनाचा होता.

"तुम्हाला?" मी विचारलं.

"पुरुषांनाही होतो, केळकरबाई. क्वचित."

"आणि तो नेमका तुम्हाला झाला?"

"मी क्वचितातला," गुप्ते विनयाने म्हणाले.

मी विमा कंपनीत क्लेम खात्यात नोकरी करते. खोटा क्लेम मला वासावरून कळतो. पण हा माणूस मला कुठल्याच फाइलीत बसवता येईना. पुरुषांना होतो ही गोष्ट खरी होती, मी घरी जाऊन तपासली. आणि ज्याला थापच मारायची आहे तो जरा बेताची मारेल, चारचौघांत छातीवर हात ठेवून असलं काही कशाला सांगेल? माझं डोकं तेव्हा तसंही औषधांनी जड झालेलं होतं. दूध गॅसवर ठेवून मी अंघोळीला जात असे आणि पावडरच्या डब्यात चष्मा शोधत असे. म्हटलं, आपलंच काहीतरी ऐकायचं चुकलं असेल.

"मलाही हेच झालं होतं" हे गुप्त्यांचं पालुपद. समोरच्याने आपल्या आजाराचं नाव घेतलं न घेतलं तोच ते खुर्ची पुढे ओढायचे, आवाज खाली आणायचे आणि हे वाक्य टाकायचे. रफीकभाईंना हिंदीत: "मेरेकू भी सेम यही हुआ था, भाईजान. आज देखो." आणि "आज देखो" म्हणताना उभं राहून स्वतःभोवती एक सावकाश गिरकी घ्यायचे, म्हणजे समोरच्याला सगळीकडून नीट बघून घेता यावं.

आमचं मंडळ भरतं हाटकेशच्या कारखान्यांच्या वस्तीत, एका गाळ्याच्या माळ्यावर. खाली स्टीलचे डबे बनतात. पत्रा दाबणारी प्रेस खाली आली की धप्प आवाज होतो आणि वर आमच्या पेन्सिली कागदावर आपोआप पुढे सरकतात. गुप्त्यांनी या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून उभा जन्म काढला. डब्यांची, झाकणांची, प्रेसच्या साच्यांची ड्रॉइंगं काढली. निवृत्त झाल्यावर त्यांनी मालकाकडे शनिवारची दुपार मागून घेतली. माझ्या हॉस्पिटलातल्या समुपदेशक मुलीने मला तिथे धाडलं. "तिथे चित्रं काढतात, गोष्टी सांगतात, मन हलकं होतं," ती म्हणाली. मी शाळेत चित्रकलेत काठावर पास झालेली बाई. ऑपरेशन झालेलं, डोक्याला स्कार्फ, आणि वर आता चित्र काढायचं. पण आमच्या सिल्व्हर पार्कच्या घरात नवरा दिवसभर माझ्याकडे काचेचं भांडं बघावं तसा बघत बसायचा, त्यापेक्षा डब्यांची धपधप बरी वाटली.

तिथे गेल्यावर कळलं की चित्र म्हणजे फुलं-डोंगर नव्हे. गुप्त्यांचा नियम एकच: आपला आजार तीन बाजूंनी काढायचा. समोरून, वरून, बाजूने. बाण काढून माप लिहायचं. मग त्याची गोष्ट सांगायची, "एकदा एक" पासून सुरू करून.

"माप लिहिलं की ती वस्तू होते," ते म्हणायचे. "वस्तूला माणूस घाबरत नाही. आकार न दिसणाऱ्या गोष्टीला घाबरतो."

रफीकभाईंनी घसा म्हणून नळाचा पाइप काढला, आणि तो दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरने सोसायटीच्या सेक्रेटरीला कसं कोंडून ठेवलं त्याची अशी गोष्ट सांगितली की भावनाबेन पोट धरून हसल्या आणि मग टाके दुखतात म्हणून ओरडल्या. माझी पाळी आली. मी समोरून चित्र काढलं. एका बाजूला गोल, दुसऱ्या बाजूला सपाट. बाजूनेही काढलं. पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला.

"आता वरून," गुप्ते म्हणाले.

"वरून काय काढू?"

"मान खाली घाला. जे दिसतं ते काढा."

मी मान खाली घातली आणि बघत राहिले. "उजवीकडून खालचं काही दिसत नाही," मी म्हणाले, "पण डावीकडून आता थेट पायाचा अंगठा दिसतो."

मग मलाच हसू फुटलं. ते थांबेना, आणि कधी रडू झालं ते कळलं नाही. गुप्त्यांनी माझ्या कागदावर त्या अंगठ्यापर्यंत एक बारीक तुटक रेघ ओढली, तिला बाण काढला आणि म्हणाले, "ड्रॉइंग बरोबर आहे. जॉब चुकला तो वरच्या कारखान्यात." देवाचा उल्लेख ते नेहमी असाच करत. त्या दिवशी मी घरी जाऊन कितीतरी दिवसांनी नवऱ्याच्या अंगावर खेकसले. त्याला फार बरं वाटलं.

सत्र संपलं की पोहे. गुप्ते घरून मोठा डबा भरून आणायचे. वर कोथिंबीर, खोबरं, लिंबाची फोड, बघायला झकास. तोंडात घातले की कागद चावल्यासारखे. कीमोने तोंडाची चव जाते हे आम्हाला सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं होतं, त्यामुळे जो तो मनात म्हणायचा, गेली आपली चव. रफीकभाई तर एकदा हळहळले होते, "इतना अच्छा पोहा, और मेरी ज़बान को देखो." आम्ही सगळे नशिबाला बोल लावत ते पोहे संपवायचो आणि "छान झालेत" म्हणायचो.

हळूहळू माझ्यातलं क्लेम खातं जागं झालं. घशाचं ऑपरेशन झालेला माणूस जिन्यात खणखणीत आवाजात गातो. अर्धं आतडं काढलेला माणूस कोपऱ्यावरचे दोन पेरू बियांसकट उभ्या उभ्या खातो. फुप्फुसाच्या एका पेशंटपुढे त्यांनी आपलं एक फुप्फुसही काढल्याचं सांगितलं होतं, आणि पोह्यांचा डबा घेऊन धापही न लागता ते माळ्यावर चढत. एकदा चहाच्या वेळी आम्ही तिघांनी जिन्यात हिशेब मांडला.

"मॅडम, एक आदमी को इतना?" रफीकभाई म्हणाले. "ऊपरवाला भी थोड़ा देख के देता है."

"जूठ बोले छे," भावनाबेन म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण मला त्याच्या जूठनी बहु गरज होती."

मी ठरवलं, पुढच्या शनिवारी याला तोंडावर विचारायचं. पुढच्या शनिवारी एक नवा माणूस आला, भिंतीकडे तोंड करून बसला. गुप्त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आपलं वाक्य टाकलं, गिरकी घेतली. तो माणूस भिंतीकडून इकडे वळला. आता मी काय विचारणार? खोटं बोलणाऱ्याने निदान त्या खोट्याने कुणाचं वाईट तरी करावं, म्हणजे माझ्यासारखीला धोरण ठरवता येतं.

मग हिराबाई आल्या.

हिराबाई म्हात्रे इथल्याच गोडदेव गावच्या. एके काळी मिठागरं आणि भातशेती असलेलं घर, आता त्या जमिनीवर मुलांच्या बिल्डिंगी. धाकटा मुलगा गाडीने खाली सोडून गेला. गळ्यात ठसठशीत सोनं, हिरवं लुगडं आणि चेहऱ्यावर असा भाव की मला इथे फसवून आणलंय. त्या दिवशी त्यांना आधी पोहे दिले. त्यांनी एक घास खाल्ला आणि बशी खाली ठेवली.

"ह्यान मीठ न्हाय."

खालची प्रेस नेमकी तेव्हाच थांबलेली, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. हिराबाईंचे उपचार अजून सुरूच झालेले नव्हते. त्यांची जीभ शाबूत होती. म्हणजे इतके महिने आम्ही ज्या चवीचं सुतक पाळत होतो, ती कदाचित गेलेलीच नव्हती. रफीकभाईंनी पिशवीतून हळूच शेवेची पुडी काढली, चिमूटभर जिभेवर टाकली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"राहिलं वाटतं," गुप्ते पुटपुटले आणि घाईने कागद वाटू लागले. "तर बाई, तुम्हाला काय झालंय?"

"पिशवीला झालाय. गर्भपिशवीला." हिराबाईंनी कागद बाजूला सारला. "डाक्टर बोलतंय काढाया लागंल, लवकर. मी न्हाय बोलते. बेहोश करतान, आन परत उठलीच न्हाय तं?"

मला कबूल केलं पाहिजे, मी या दिवसाची वाट बघत होते. खुर्ची पुढे आली. आवाज खाली आला. "मलाही हे..." आणि गुप्ते थांबले. क्वचितातला माणूसही इथे पोचणं शक्य नव्हतं.

"माझ्या बायकोला," ते शेवटी म्हणाले. "माझ्या बायकोला हेच झालं होतं."

हे वाक्य वेगळं होतं. त्याला गिरकी नव्हती.

"मंग? बरी झाली?" हिराबाई पुढे झुकल्या.

गुप्त्यांनी आमच्याकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग हिराबाईंच्या तोंडाकडे. ते तोंड तेव्हा कुणालाही नाही म्हणता आलं नसतं असं झालं होतं.

"झाली."

"मना दाखव तिला. तिला बघीन, तं ऑपरेशनला जाईन. न्हाय तं न्हाय."

"दाखवतो."

"कवा? कुठं हाय ती?"

"ही काय," गुप्ते म्हणाले, आणि त्यांचा हात हवेत गेला, डगमगला आणि माझ्याकडे वळला. "इथेच बसलीय."

रफीकभाईंची पेन्सिल खाली पडली. मी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"मंग नवऱ्यापासून येवरी लांब का बसलीस गो?" हिराबाईंनी मला विचारलं.

"भांडण झालंय," मी म्हणाले. हे माझ्या तोंडून कसं गेलं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

हिराबाईंनी माझा हात हातात घेतला. "हितं पुरुष बसलेत. मी तुझ्या घरी येते, बुधवारी. निवांत बोलू." आणि त्या निघून गेल्या.

त्या गेल्यावर मी गुप्त्यांना काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाले, "अर्धा तास, केळकरबाई. त्या ऑपरेशनला नाही गेल्या तर संपलं."

घरी नवऱ्याला सांगितलं. सुधीरने भाजी निवडता निवडता विचारलं, "म्हणजे तू बुधवारी गुप्त्यांची बायको?"

"हो."

"किती वाजेपर्यंत?"

बुधवारी मी तासभर आधी पोचले. हाटकेशलाच गुप्त्यांचं तळमजल्यावरचं वन रूम किचन. त्यांनी दारातच माझ्या हातात एक कागद ठेवला. स्वयंपाकघराचं ड्रॉइंग! समोरून, वरून, बाजूने. इथे गॅस, इथे फिल्टर, इथे चहा-साखर, इथे कपबशा, सगळ्याला बाण आणि सुरेख तिरकी अक्षरं. "स्वतःच्या घरात बाई चाचपडली की पकडली जाते," ते म्हणाले. मी परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखा तो कागद पाठ केला. बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक खिळा होता आणि त्याखाली रंगाचा एक उजळ चौकोन.

"इथे काय होतं?"

"कॅलेंडर," गुप्ते म्हणाले, पण माझ्याकडे बघून नाही.

हिराबाई आल्या त्या सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन. आल्या आल्या त्यांनी गुप्त्यांना गॅलरीत पाठवलं. "तू भायेर जा. बायांचा बोलना हाय."

त्यांनी मग मला जे विचारलं त्याची मी तयारी केली नव्हती. शुद्ध आल्यावर पहिलं काय दिसलं? दुखलं का? अंगातलं काही गेलं तर आपण बाई राहतो का? मी उत्तरं खरी दिली, फक्त जागा बदलली. शुद्ध आल्यावर पंखा दिसला आणि तो पुसलेला नाही याचा राग आला, तेव्हा कळलं आपण जिवंत आहोत. दुखलं, खूप दुखलं, मग कमी झालं. आणि बाई राहतो का, ते मला अजून नीट माहीत नाही, पण नवऱ्याशी भांडायला लागलं की राहिल्यासारखं वाटतं. हिराबाई पदराने डोळे पुसत हसल्या. त्यांचा चेहरा सैल झाला. मला वाटलं, जमलं.

मी आतून पोहे आणले. चहा कुठे, साखर कुठे, बशा कुठे, ड्रॉइंगप्रमाणे सगळं अचूक. हिराबाईंनी घास घेतला.

"जरा मीठ दे गो बाय."

मी स्वयंपाकघरात गेले. ड्रॉइंग डोळ्यांसमोर आणलं. त्यात मीठ नव्हतं. फळीवर डबे रांगेत उभे होते, प्रत्येकावर तीच तिरकी अक्षरं: रवा, साबुदाणा, तूरडाळ, हिंग. मी रवा उघडला, साबुदाणा उघडला, हिंगसुद्धा उघडला. ओट्याखाली बघितलं. मसाल्याच्या डब्यात हळद, तिखट, मोहरी, जिरं, आणि एक वाटी रिकामी, घासून लख्ख केलेली.

"काय गो, सोन्याचा हाय का मीठ?" हिराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "आमच्या घरान आंधल्यालाबी मिठाचा डबा सापरतो. घरची बाय मीठ शोधते?"

एकच जागा उरली होती, वरचं कपाट. ते ड्रॉइंगमध्ये नव्हतं. मी ते उघडलं. आत, जुन्या भांड्यांच्या मागे न मावल्यामुळे अगदी पुढ्यात, एका बाईचा फोटो उभा होता. नाकीडोळी नीटस, कपाळावर मोठं कुंकू, फोटोला चंदनाचा हार. ती थेट आमच्याकडे बघत होती.

गॅलरीतून गुप्ते आत आले आणि जागच्या जागी थांबले. हिराबाईंनी मला हाताने बाजूला केलं, फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि हात जोडले.

"हीच का?"

"हो," गुप्ते म्हणाले. "नलिनी."

"आन मीठ?"

मला वाटलं होतं त्या ओरडतील. पण त्यांनी हेच विचारलं, आणि तेही हळू.

"तिला शेवटी शेवटी सगळं खारट लागायचं," गुप्ते म्हणाले. "पाणीसुद्धा. म्हणून तिचं मीठ बंद केलं. ती एकटीच अळणी खाणार, ते बरं दिसेना. म्हणून माझंही केलं."

"ती जाऊन किती दिस झाले?"

"बरीच वर्षं झाली."

"मंग आता का न्हाय घालीत?"

गुप्त्यांनी विचार केला. एखाद्याने घराचा पत्ता विचारावा आणि तो आठवू नये, तसं त्यांचं झालं. "नंतर कुणी म्हणालंच नाही," ते म्हणाले, "की आता घाला."

मग न विचारताच ते बोलत राहिले. नलिनीताई आजारी असताना एकच गोष्ट मागायच्या. हे झालेला आणि आज बाजारात भाजी निवडत उभा असलेला एक माणूस मला दाखवा. एकच. गुप्त्यांनी हॉस्पिटलात विचारलं, शेजाऱ्यांत विचारलं. बरे झालेले असतात हो पुष्कळ, पण सांगत नाहीत. कुणाच्या मुलीचं लग्न ठरायचं असतं, कुणाला नोकरीची भीती. जो तो गप्प. "मला सापडला नाही," गुप्ते म्हणाले. "तीन बाजूंनी शोधला."

हिराबाईंनी कपाट बंद केलं नाही. बाहेर जाऊन चपला घातल्या. "खोटारडा जल्ला मेला," त्या दारातून म्हणाल्या आणि गेल्या. बोंबलांची पिशवी तिथेच राहिली.

त्यानंतरचे शनिवार वाईट गेले. हिराबाईंचा पत्ता नाही, मुलगा फोन उचलेना. त्यांनी ऑपरेशन केलं, की नाही म्हणाल्या, की सगळंच संपलं, काही समजत नव्हतं. गुप्त्यांनी आपलं वाक्य टाकून दिलं. नवा पेशंट आला की नुसती पेन्सिल पुढे करायचे. खुर्ची जागची हलायची नाही. मी आयुष्यभर खोट्या क्लेमांवर लाल शेरे मारले, आणि आता एक माणूस खरा वागू लागला तर मला त्याचा राग येत होता. रफीकभाईंनी एकदा मुद्दाम विचारलं, "गुप्तेसाब, आप का गला कैसा है?" गुप्ते म्हणाले, "गले को क्या होना है." भावनाबेननी चित्र अर्धवट सोडलं. पोहे अळणीच होते, आणि आता ते अळणी आहेत हे आम्हाला माहीत होतं.

एका शनिवारी जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, थांबा, एक पायरी, थांबा. हिराबाई वर आल्या. एका बाजूने मुलाने धरलेलं, दुसऱ्या बाजूने एका किरकोळ, लाजऱ्या म्हाताऱ्याने, ज्याच्या शर्टाची बटणं एक घर सोडून लागलेली होती. हिराबाई खुर्चीत बसल्या, दम घेतला.

"काढली पिशवी," त्या म्हणाल्या. "उठले परत. तुझ्यासारखाच गो बाय, पयला पंखाच बघला."

गुप्ते उभेच होते. "पण तुम्ही तर... तुम्हाला कळलं होतं ना, की ती..."

"मी काय बोललेली? तिला बघीन तं जाईन. बघली ना मी तिला?" त्यांनी गुप्त्यांकडे बोट केलं. "आन तुलाबी बघला. शिकलेला, नोकरीवाला मानूस, आन बायकोमागं येवरी वर्सं बिनमिठाचा खात बसलाय. मी घरी जाऊन आमच्या ह्या म्हाताऱ्याला बघला. त्याला तं चाय पन करता येत न्हाय. मी गेली तं ह्याचा काय व्हईल? दुसऱ्याच दिवशी डाक्टरकडं गेले."

म्हातारा लाजून जमिनीकडे बघू लागला. हिराबाईंनी मुलाच्या हातातली कापडी पुरचुंडी घेतली आणि गुप्त्यांच्या हातात ठेवली. जाडं, करडं, मिठागरातलं मीठ.

"आता घाल," त्या म्हणाल्या.

गुप्त्यांनी ती पुरचुंडी दोन्ही हातांत धरली. कितीतरी वेळ ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी ती शर्टाच्या वरच्या खिशात, पेन्सिलींच्या शेजारी, ठेवायचा प्रयत्न केला. ती मावली नाही.

पुढच्या खेपेला एक तरुण बाई आली. शिक्षिका, भाईंदरची. ओढणीचं टोक पिळत कशीबशी म्हणाली की तिलाही पिशवीचाच. गुप्त्यांचा हात सवयीने खुर्चीकडे गेला. मग तो त्यांनी मागे घेतला आणि हिराबाईंकडे बघितलं. हिराबाईंनी आपली खुर्ची फरफटत पुढे ओढली.

"मनाबी हाच झालता," त्या म्हणाल्या, आणि टाक्यांवर हात दाबून, धडपडत उठून, एक गिरकी घेतली. त्या माळ्यावर ते वाक्य पहिल्यांदाच खरं बोललं गेलं. ती पोरगी त्यांच्याकडे नुसती बघत राहिली, भाजीवालीच्या टोपलीपाशी कुणी ओळखीचं माणूस अचानक भेटावं तशी.

गुप्ते कोपऱ्यात डबा उघडून बशा भरत होते. बराच वेळ ते पाठ करून उभे होते, आणि कुणी त्यांना घाई केली नाही. मग पोहे आले. मी घास घेतला. घशाखाली उतरेना. इतकी वर्षं न घातलेलं सगळं मीठ त्यांनी एकाच दिवशी घातलं असावं. इकडे तिकडे बघितलं, तर रफीकभाई डोळे मिटून गिळत होते, भावनाबेन पाणी पीत होत्या, आणि सगळे एकसुरात म्हणत होते, "छान झालेत, छान."

"केळकरबाई, तुम्ही सांगा," गुप्ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "कसे झालेत?"

"खारट," मी म्हणाले. "तोंडात घालवत नाहीत."

त्यांनी माझ्या बशीतला एक घास उचलून तोंडात टाकला, सावकाश चावला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हो की," ते म्हणाले. "सांगत जा हं. मला कुणीतरी सांगायला लागतं."